देवाच्या भाताचं खाचर

"चावल्याबिगर मी व्हय म्हनत न्हाई," असं म्हणत मावशी तांदळाचे चार दाणे पुढच्या दातांखाली धरायची, डोळे मिटायची आणि कट् असा आवाज आला की मानेनंच निकाल द्यायची. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. कुरवंडे गावात सगळेच तिला मावशी म्हणत, आणि तिच्या दातांपुढं कुणाचं चालत नसे.

इंग्रजी अमदानीत मी शेतकी खात्यात नवा लागलो होतो. तळेगावचा, चार बुकं शिकलेला, त्यामुळं भातातलं सगळं आपल्याला कळतं असा पक्का समज. लोणावळा स्टेशनवरून रासायनिक खताचं पोतं बैलगाडीत टाकून गावात नेलं, तर लोक त्याला 'सरकारी मीठ' म्हणू लागले. मावशीनं चिमूटभर थेट जिभेवर ठेवलं आणि लांब जाऊन थुंकली.

"सायब, ह्ये खाऊन भात वास धरंल व्हय?"

"मावशी, लोंब्या बघा कशा भरतील!"

"लोंबी भरंल वो. पन दाना?"

तिची काळजी खोटी नव्हती. तिच्याकडं आंबेमोहराचं एकच खाचर, बाकी सारा जाडा भात. मार्गशीर्षात गावदेवाच्या उत्सवाला नैवेद्य त्याच खाचरातला, आणि तोच भात पंक्तीत पानोपान पडायचा. हा मान तिच्या सासूपासून चालत आलेला. तरी मी इतकी गळ घातली की तिनं अर्धं खाचर माझ्या हवाली केलं. उरलेल्या अर्ध्यात तिचं नेहमीचं कुजलेलं शेणखत.

खात्यातल्या साहेबांनी खताचं माप ठरवून दिलं होतं. पण मला गावाचे डोळे दिपवायचे होते, म्हणून मापावर आणखी मुठी फेकल्या. भात हिरवा काळाभोर झाला, छातीला लागला. मी मिशीला पीळ देत बांधावरून फिरलो. आणि ऐन दाणा भरायच्या वेळेला माझं सगळं पीक आपल्याच भारानं आडवं झालं.

कांडताना माझ्या वाट्याच्या भाताची निम्मी कणीच झाली. मावशीनं दोन मडक्यांत दोन्ही भात शिजवले. एकाचं झाकण काढताच ओसरीपर्यंत घमघमाट. दुसऱ्यातून नुसती वाफ. माझी मान खाली.

"खत वाईट न्हाई," ती म्हणाली, "तुजा हात सैल हाय." मला तिनं अरेतुरे केलं ते तेव्हा पहिल्यांदा.

देवाला शेणखताचाच भात गेला. तो निम्माच, त्यामुळं पंक्तीत एकेक घास आला. वलवण गावच्या एका पाहुण्यानं कारण विचारलं, तर मावशी म्हणाली, "रोप कमी लावलं मी." मी शेजारीच गप्प उभा. त्याची लाज मला अजून वाटते.

पुढच्या वर्षी तिनं पुन्हा मला बोलावलं. आधी भरपूर शेणखत तिनं घातलं. माझं खत नंतर, थोडंच, तिच्या देखत मापून. भात उभा राहिला. मावशीनं दाणा चावला, डोळे मिटले.

"व्हय," ती म्हणाली.

त्या साली पंक्तीत लोकांनी भात मागून मागून घेतला.

मग माझी बदली झाली. मावशी गेल्याचं कळल्यावर त्या वर्षीच्या उत्सवाला मुद्दाम गेलो. पंक्तीत माझ्या शेजारी कुरवंड्यातलेच एक म्हातारे भाऊ बसले होते. त्यांना न राहवून सांगितलं, "त्या साली भात कमी पडला तो माझ्यामुळं. मावशीनं उगाच अंगावर घेतलं."

भाऊ हसले. "साऱ्या गावाला ठावं हाय. आमी खाचर बगत न्हवतो व्हय? तिनंच घरोघर सांगितलेलं, पोरगं नवं हाय, कुनी टाकून बोलायचं न्हाई."

मावशीची सून वाढत आली. पानावर भाताचा ढीग पडला. सगळे वासाचं कौतुक करत होते. डोळ्यांबरोबर माझं नाकही भरून आलं होतं, मला काही वास येईना.