म्हशींविना कट्टा

लग्न होऊन मी कोल्हापुरात आले आणि पेठेतल्या शाळेत शिकवू लागले, तेव्हा आम्ही दूध कट्ट्यावरूनच आणायचो. संध्याकाळी गवळी तिथं म्हशी घेऊन यायचे आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून द्यायचे. आमचा गवळी साठीचा, तीन म्हशींचा मालक. त्याचा चुलतभाऊही त्याच कट्ट्यावर दूध घालायचा, पण वाटणीत दोघांचं वाजलं होतं. कित्येक वर्षं ते एकमेकांशी बोलत नव्हते.

एका उन्हाळ्यात आमचा गवळी म्हशींशिवायच आला. गोठ्यात लाळ-खुरकत शिरली होती. म्हशी इथं आणल्या तर सगळ्यांच्या जनावरांना लागण होईल, तुम्ही दूध दुसरीकडं बघा, असं तो प्रत्येकाला सांगत होता. रोग लोकांना कळायच्या आत म्हशी बाजारात काढ, असंही कुणी त्याला सुचवलं होतं. त्यानं ऐकलं नाही.

मी विचारपूस करायला त्याच्या घरी गेले. रोग पायाला लागून बाहेर जातो, म्हणून त्याच्या बायकोनं मला दारातच थांबवलं. तिथूनही म्हशींच्या तोंडातून लोंबणाऱ्या लाळेच्या तारा दिसत होत्या. खुरांत जखमा झाल्यानं त्यांना उभं राहवत नव्हतं. आईचं दूध पिणारी रेडी आदल्या दिवशीच गेली होती. नवराबायको तुरटीच्या पाण्यानं म्हशींची तोंडं धुवायची, पातळ पेज पाजायची. सडांवरही फोड आले होते. धार काढावी तर म्हैस कळवळायची, न काढावी तर कास दगडासारखी व्हायची.

"हात लावला की माझ्याकडं बघती, बाई," तो म्हणाला. "ते बघवत न्हाय."

दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर चुलतभावानं मला बोलावून माझं भांडं मागितलं. भावाच्या सगळ्याच गिऱ्हाइकांना तो आपल्यातलं दूध घालत होता.

"गिऱ्हाईक त्याचंच हाय," तो म्हणाला. "म्हशी बऱ्या झाल्या की परत त्याच्याकडंच जायाचं. त्याला म्हणावं, हिकडची काळजी करू नको."

मी तो निरोप दारातूनच सांगितला. हातातलं पेजेचं पातेलं खाली ठेवून गवळी तोंड धुवायला परसात गेला.

पावसाळ्यापूर्वी त्याच्या दोन म्हशी कट्ट्यावर आल्या. चुलतभावानं आपली जनावरं सरकवून त्यांना जागा करून दिली. हळूहळू वैरणीबद्दल, मग घरच्यांबद्दल दोघं बोलू लागले.

तिसरी म्हैस पूर्वीसारखी झालीच नाही. दूध आटलं, जरा ऊन चढलं की ती धापा टाकायची. तरी त्यानं ती विकली नाही. पुढच्या उन्हाळ्यातही त्याची बायको भर दुपारी तिच्या पाठीवर भिजवलेलं पोतं टाकायची आणि ते वाळलं की पुन्हा भिजवायची.