द्राक्षांचा राखणदार

आमच्या घरात एक किस्सा फार चवीने सांगतात. द्राक्षांच्या नाचात गेर्गे आजोबांनी चोराऐवजी स्वतःलाच कसं पकडून दिलं, तो. दोन घोट पोटात गेले की काका आजोबांची नक्कल करतात आणि सगळे पोट धरधरून हसतात. मला त्या हसण्याची लाज वाटते, कारण खरं काय ते मारिशआजीने मला सांगितलंय. ती तेव्हा तिथेच, तळलेल्या पुऱ्यांचं ताट घेऊन उभी होती.

अमेरिकेत, क्लीव्हलँडच्या आमच्या आळीत सगळे हंगेरीहून आलेले. आठवडाभर लोखंडाच्या ओतशाळेत राबायचं, रविवारी चर्चला जायचं, आणि शरद आला की हॉलच्या छताखाली दोऱ्या बांधून द्राक्षांचे घड टांगायचे. नाचता नाचता ते चोरायचे. राखणदारांनी चोर पकडून खोट्या न्यायाधीशापुढे उभा करायचा आणि त्याने काहीतरी गमतीचा दंड ठोठावायचा. गावाकडच्या सुगीची तेवढीच हौस. गेर्गे आजोबा तिकडे, तोकायच्या डोंगरउतारावर, खरोखरचे मळ्याचे राखणदार होते. त्यामुळे नाचातही राखणदार व्हा म्हणून दरवर्षी लोक त्यांच्या मागे लागायचे, आणि दरवर्षी आजोबांची कंबर नाहीतर दाढ दुखायची. लोक म्हणायचे, भाव खातोय.

भाव कसला डोंबलाचा. माणूस शरमेने अर्धा झाला होता.

राखणदारी नवी नवी होती, तेव्हा त्यांनी वेरोन नावाच्या विधवेला ओच्यात द्राक्षं नेताना पकडलं होतं. ओळखीचीच बाई. ती म्हणाली, "गेर्गे, पोरगी तापाने फणफणलीय रे. द्राक्षं मागतेय." सोडता आलं असतं, बघायला कुणी नव्हतं. पण मळ्याच्या कारभाऱ्यापुढे ह्यांना शहाणपण मिरवायचं होतं. चोराच्या गळ्यात चोरीचा माल अडकवून त्याला गावभर फिरवायची तिकडे रीत होती. पुढे ढोल, मागे पोरांचा घोळका. ढोल आजोबांनी स्वतः वाजवला, आणि चांगला दणकून वाजवला. त्यानंतर वेरोनला कुणी कामावर घेईना. ती घराबाहेर पडायचीच थांबली आणि तो हिवाळा काही तिने काढला नाही. पोरीला दुसऱ्या गावची मावशी घेऊन गेली. आजोबा मळ्याची काठी कारभाऱ्याच्या दारात टाकून जहाजात बसले.

किस्सा घडला त्या वर्षी मात्र पाद्रीबाबांनीच प्रार्थना संपल्यावर सगळ्यांदेखत त्यांच्या डोक्यावर राखणदाराची टोपी ठेवली. पाद्रीबाबांना नाही कसं म्हणणार? आणि त्याच आठवड्यात आजीला बोदनार खाटकाच्या दुकानात आळीत नुकतीच लग्न होऊन आलेली एक सून भेटली, इल्का नावाची. बायका विचारतात तसं आजीने माहेर विचारलं, आईचं नाव विचारलं. गाव आजोबांचंच, आई वेरोन. आजी मांस तिथेच विसरून घरी आली.

"ती नाचाला येणार आहे," आजी म्हणाली. "सांगून टाका, ताप आलाय."

"किती वर्षं आजारी पडू, मारिश?"

"आणि तिने ओळखलं तर? आळीत तोंड दाखवायला जागा राहील का? आपल्या पोरांना कुणी दारात उभं करणार नाही."

"नाही ओळखलं तर? तिच्यासमोर काठी घेऊन मिरवू?"

"जा मग," आजी म्हणाली. "पण तोंड उघडू नका. माझी शपथ आहे."

हॉलमध्ये आजोबा भिंतीला चिकटून उभे राहिले. चोर पकडायचं काम बाकीचे राखणदार करत होते. इल्काने हात वर करून घड तोडला, तो नेमका आजोबांच्या डोक्यावरचा. तिने ह्यांना ओळखलं नव्हतं. ओळखणार कशी? तेव्हा ती अंथरुणात होती.

"अरे गेर्गे, झोपलास की काय?" लोक ओरडले. "धर तिला!"

आजोबा हलेनात. तेव्हा इल्कानेच हसत मनगट पुढे केलं. "काका, पकडा की. दंड भरायला नवरा आणलाय सोबत."

लोकांनी दोघांना ढकलत न्यायाधीशापुढे नेलं. न्यायाधीश म्हणजे बोदनार खाटीक, कागदी मिशा लावून बसलेला. "बोल राखणदारा, ह्या बाईने काय केलं?"

"हिने काही केलं नाही," आजोबा म्हणाले. "गुन्हेगार मी आहे. मी हिच्या आईच्या गळ्यात द्राक्षं अडकवली, तिला गावभर फिरवलं. ती त्यातच मेली. मला शिक्षा करा."

हॉलभर हशा पिकला. गेर्गे एवढं छान सोंग करतो हे कुणाला माहीत होतं? बोदनारने टेबलावर लाटणं आपटलं आणि दंड सांगितला: राखणदाराने चोराबरोबर नाचायचं. वाजवणाऱ्यांनी सूर लावला.

इल्का हसायची थांबली होती. ती जवळ आली आणि हळू आवाजात बोलली. ताट घेऊन शेजारीच उभ्या असलेल्या आजीला सगळं ऐकू गेलं.

"ढोल तुम्ही वाजवत होतात?"

"हो."

"मला अंथरुणात ऐकू येत होता. पोरं पण ओरडत होती. मला वाटलं, अस्वलवाला आलाय. आई घरी आल्यावर मी विचारलं, अस्वल कसं होतं गं?"

आजोबांनी मान वर केली नाही.

"आई म्हणाली, मोठं होतं. छान नाचलं."

तिने हातातला घड बोदनारच्या टेबलावर ठेवला आणि नवऱ्याकडे निघून गेली. आजोबा मधोमध एकटेच उभे राहिले, आणि त्यांनी नाचावं म्हणून लोक तालात टाळ्या वाजवत राहिले.