तुमच्या आजोबांना कोचपदावरून काढल्याची खरी हकिकत

गेल्या रविवारी तुम्ही दोघं फोनच्या पडद्यावर नाचतच आलात. तुमच्या लाडक्या क्लबने म्हणे आपला जुना, गाजलेला खेळाडू मॅनेजर म्हणून परत आणला, आता सगळं सुरळीत होणार. मी एवढंच म्हटलं, "बघू या." त्यावर धाकटी म्हणाली, "आजी, तुला फुटबॉलमधलं काय कळतं?" आणि तुमचे आजोबा माझ्या खांद्यावरून डोकावून म्हणाले, "बरोबर आहे तिचं. मीसुद्धा कोच होतो इथे. कंटाळा आला, सोडून दिलं."

या शेवटच्या वाक्यामुळे मी लिहायला बसले आहे. बाळांनो, त्यांनी सोडलं नाही. त्यांना काढलं. काढल्याचं पत्र मी लिहिलं आणि खाली सहीही माझीच होती. थोर खेळाडू चांगला मॅनेजर होतो का, यावर तुमच्याकडे टीव्हीवर कोट घातलेली माणसं तासन्‌तास बोलतात. दौंडला आम्ही तो प्रश्न एका हंगामात निकालात काढला.

आजोबा तरुणपणी रेल्वेच्या संघात सेंटर फॉरवर्ड होते. दौंडात त्यांना न ओळखणारा माणूस नव्हता. भाजीवाली त्यांना कोथिंबीर तशीच द्यायची; मी गेले तर जुडी दाखवून भाव सांगायची. मग ते निवृत्त झाले. आधी खेळातून, पुढे नोकरीतून. आणि घरात बसले. सकाळी नऊपर्यंत झोपायचे, उठून खिडकीत बसायचे, मालगाडीचे डबे मोजायचे. दुपारी मला विचारायचे, "आज वार कोणता?" असं आठ महिने चाललं. मी शाळेत इंग्रजी शिकवण्यात जन्म घालवला. रोजची हजेरी घेतलेल्या बाईला घरातलाच एक माणूस रोज गैरहजर दिसत होता.

अशात गावच्या फुटबॉल क्लबने त्यांचा सत्कार ठेवला. आपल्याकडे सत्कार म्हटला की प्रमुख पाहुणे येतात, आणि प्रमुख पाहुणे आले की त्यांना व्यासपीठावरून काहीतरी जाहीर करावंच लागतं, नाहीतर आल्यासारखं वाटत नाही. आमचे पाहुणे पाटसकडचे मोठे बागायतदार होते. भेट दिलेला चेंडू त्यांनी कलिंगड धरावं तसा काखेत धरला होता. शाल झाली, नारळ झाला, आणि ते माइकमध्ये गरजले, "आन् आजपासनं आपल्या टीमचं कोच, हेच!"

टाळ्या. झालं. व्यासपीठावरून जाहीर झालेली गोष्ट मागे घेण्याची आपल्याकडे सोय नाही. टीमला कुणी विचारलं नव्हतं, आजोबांनाही नव्हतं. क्लबची सेक्रेटरी मी होते, कारण समितीतल्या पाचही पुरुषांना बोलायला यायचं, लिहायला नाही. मी ती घोषणा इतिवृत्तात नोंदवली आणि गप्प बसले. दुसऱ्या दिवशी आजोबा साडेपाचला उठले, दाढी केली आणि गळ्यात शिट्टी अडकवून बाहेर पडले. मला तेवढंच हवं होतं. फुटबॉलचं काय व्हायचं ते होवो, असं मी ठरवलं. माझाही गुन्हा लपवत नाही.

पहिल्या आठवड्यात मी सरावाला जाऊन बसले. डाव्या बाजूचा बचाव खेळाडू, सायकल दुरुस्तीच्या दुकानातला, त्याने विचारलं, "आबा, दोघं अंगावर आले तर बॉल कुनाला द्यायचा?"

"द्यायचा कशाला? दोघांच्या मधनं जायचं."

"पन कसं?"

"कसं म्हणजे? असं!" म्हणून आजोबांनी त्याच्याकडून चेंडू घेतला आणि एकसष्टाव्या वर्षी दोघांच्या मधून गेले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सराव संपला. पुढे रोज असाच झाला: एक माणूस खेळायचा आणि संघ बघायचा.

मध्यंतरात ते खेळाडूंना एकच गोष्ट सांगत, त्यांनी एका अंतिम सामन्यात मारलेल्या गोलाची. पहिल्यांदा ऐकली तेव्हा तो वीस यार्डांवरून होता. हंगाम सरकला तसा गोलही मागे सरकत गेला. शेवटी शेवटी तर त्यांनी तो जवळजवळ फलाटावरूनच मारला होता. संघ निवडताना त्यांना फक्त पुढे खेळणारे दिसत. गोलकीपरशी तर ते बोलतच नसत. आयुष्यभर गोलकीपर म्हणजे शत्रूचा माणूस, आता एकदम त्याच्याशी काय बोलणार?

गोलकीपरशी बोलायचे ते चाचा. चाचांची स्टेशनजवळ बेकरी आहे. आजोबांच्याच संघात ते अकरा वर्षं राखीव गोलकीपर होते, आणि तेवढ्या काळात दोनच सामने खेळले. बाकीचा सगळा वेळ बाकावर बसून, बाकीच्यांची घड्याळं सांभाळत, त्यांनी खेळ बघितला. कोचसाहेबांनी मोठ्या मनाने त्यांना चेंडूत हवा भरायचं काम दिलं होतं. कुठल्या मुलाचा गुडघा दुखतो, कोण रात्रपाळी करून तसाच आलाय, कोण उपाशी आहे, हे चाचांना ठाऊक असायचं. कोचसाहेबांना मुलांची नावंही पाठ नव्हती. ते "ए लाल शर्ट" म्हणत, आणि टीमचा शर्टच लाल होता.

मग शिरूरचा सामना आला. शिरूर माझं माहेर. तिथला संघ कारखान्यांतल्या कामगारांचा; अर्धे मराठी, अर्धे उत्तरेकडून आलेले, आणि सगळे एकमेकांना पास देणारे. मध्यंतरापर्यंत पाच गोल झाले. पाचही आमच्यावर. माझा भाऊ मुद्दाम आमच्या बाकामागे खुर्ची टाकून बसला होता. "काय दाजी," तो म्हणाला, "एका हाताची बोटं संपली. दुसरा हात काढू का?"

आजोबा उठले. त्यांनी शर्टाची बटणं काढली. आत लाल जर्सी होती. मी नीटनेटक्या अक्षरात केलेल्या यादीत राखीव खेळाडूंच्या शेवटी त्यांनी आपलं नाव स्वतःच घातलं होतं. मी हात धरला. "अहो, काय करताय?"

"ह्यांना सांगून समजत नाही. दाखवतो."

खोटं लिहिणार नाही. त्यांनी छातीवर चेंडू घेतला, एकाला चुकवलं, दुसऱ्याला चुकवलं, आणि तेवढा वेळ सगळं मैदान उभं राहिलं, माझा भाऊसुद्धा. तिसऱ्याच्या वेळी मांडीची मागची शीर धरली आणि ते बसले. उठताच येईना. स्ट्रेचर कुठलं असणार! शिरूरच्याच दोन खेळाडूंनी चहाच्या टपरीवरून प्लॅस्टिकची खुर्ची आणली आणि त्यांना त्यात बसवून उचललं. "अंकल, हाथ मत छोड़ना," एकजण म्हणत होता. माझ्या भावाने तोंड उघडलंच, "दाजी, मिरवणूक काढायची व्हती तर सांगायचं, हलगी आनली असती."

खुर्ची बाहेर जाईपर्यंत चाचांनी दोन फॉरवर्डना मागे खेचलं आणि सायकलवाल्या मुलाला सांगितलं, "तू फकस्त तुझ्या म्होरच्या मान्साकडं बघ. बाकी काय करू नगंस." बदली खेळाडू उरले नव्हते, पण दहा खेळाडूंनिशीही आमच्यावर पुढे एकही गोल झाला नाही. उलट आम्ही एक केला. आजोबांनी तो पाहिला. खुर्चीतून.

चार दिवसांनी समितीचे पाचहीजण तब्येतीची चौकशी करायला घरी आले. आजोबांसमोर बसून त्यांनी शिरूरच्या पंचांना शिव्या दिल्या, चहा घेतला, आणि मग एकेक करून पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात आले. पाच पुरुष, एक माठ, आणि ओट्याला टेकलेली मी.

"बाई, निम्मी पोरं म्हनत्यात आमी न्हाई येनार," अध्यक्ष कुजबुजले. "टीम मोडतीय. तुमी पत्र लिवा की."

"घोषणा तुमच्या पाहुण्यांनी केली. पत्र मी लिहू?"

"आमी कसं सांगनार? सत्कार आमीच केला न्हवं. तुमी इंग्लिशमधी लिवा. इंग्लिशमधी आसलं की मनाला लागत न्हाई."

दुसऱ्यांनी तोडगा काढला. "आपन आनखी एक सत्कार करू. मार्गदर्शक म्हनून वर बसवू."

"आमच्याकडे अकरा शाली आहेत," मी म्हटलं. "बाराव्या शालीने माणूस फसत नाही."

ते गेले. मी टेबलापाशी बसले. पत्र नाही लिहिलं तर संघ मोडणार होता. लिहिलं तर आजोबा पुन्हा खिडकीत जाणार होते, आणि या वेळी ते परत उठतील याची मला खात्री नव्हती. शेवटी मी तीन ओळी लिहिल्या, मराठीत, कारण लागायचं ते नीट लागावं. कोच म्हणून आपली जबाबदारी आजपासून संपली आहे, नवे कोच चाचा असतील, कळावे.

चहाबरोबर दिलं. त्यांनी चष्मा लावला, दोनदा वाचलं.

"खाली सही तुझी आहे."

"हो."

"म्हणजे मी मैदानावर यायचं नाही का?"

"तसं लिहिलेलं नाही."

"मग येऊन करू काय?"

मी कपबशी उचलली आणि आत गेले.  मांडी बरी व्हायला तीन आठवडे लागले. ती बरी झाल्यावरही ते बाहेर पडले नाहीत. डबे मोजू लागले, आणि आता मोठ्याने.

सव्वा महिन्याने चाचा आले, हातात खारी बिस्किटांची पुडी. नमस्कार-चमत्कार नाही, सरळ खिडकीपाशी गेले.

"साहेब, माझ्या गोलकीपरला शॉट मारनारं कुनी न्हाई. पोरं मारत्यात ती पोटात मारत्यात. त्याला कोपऱ्यात मारनारा मानूस पायजे."

"मी आता कोच नाही."

"कोच मी हाय. तुमाला कोच व्हा म्हनतंय कोन? तुमी फकस्त मारायचं. बोलायचं न्हाई."

"अजिबात नाही?"

"एक शब्द न्हाई. त्या फायनलच्या गोलाबद्दल तर मुळीच न्हाई."

मी स्वयंपाकघरात उभी होते. मला वाटलं, आता पुडी खिडकीबाहेर जाणार. आजोबांनी पुडी उघडली, एक खारी घेतली आणि विचारलं, "किती वाजता?"

तुमच्या क्लबचं काय होईल ते मला माहीत नाही. तुमचा मॅनेजर कदाचित आजोबांपेक्षा शहाणा असेल. ते फारसं कठीण नाही. पण पुढच्या सामन्यात त्याचा चेहरा बघत बसू नका, त्याच्या शेजारी बाकावर कोण बसलंय आणि तो त्याचं ऐकतो का, ते बघा. आणि आजोबांना हे वाचून दाखवू नका. त्यांनी ते आधीच वाचलं आहे आणि गोल वीस यार्डांवरून होता हे त्यांना मान्य नाही.

क्लब अजून आहे. कोच चाचाच आहेत. आजोबा आठवड्यातून पाच दिवस मैदानावर जातात आणि तासभर, कुणाशीही न बोलता, गोलच्या कोपऱ्यात चेंडू मारतात.