उपाशी माणसाचा शब्द

“मूळ सांगू का?” असं म्हणत आपा चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि समोरच्याने हो म्हणायची वाट न पाहता शब्द कुठून आला ते सांगायलाही लागायच्या. असं एखादं माणूस तुमच्याही गल्लीत असेल. बोरी अरब गावात आमच्या घराला लागूनच त्यांचं घर. उर्दू शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, शिकवणं तेवढं सुटलं नव्हतं.

बस स्टँडवरच्या पोहेवाल्याच्या गाडीवर ‘न्याहारी’ अशी पाटी होती. न्याहारी सकाळचीच, दुपारी ही पाटी खोटी, असं आपांनी त्याला सुनावलं. तेव्हापासून दुपारी त्या दिसल्या की तो पाटीवर गळ्यातला दुपट्टा टाकायचा. त्यांच्या घरी मटणाची निहारी व्हायची. निहारी आणि आपली न्याहारी सख्ख्या बहिणी, असं त्या ठासून सांगायच्या. आम्ही हसायचो.

बाबा गेले आणि आईचं सकाळचं खाणं सुटलं. दोघं रोज वावरात धुऱ्यावर, म्हणजे बांधावर बसून सोबत भाकर खायचे. आता एकटीच्या घशाखाली घास उतरेना. आम्ही समजावलं, रागावलो, मामा येऊन गेला. शेवटी एकदा कापूस वेचताना ती चक्कर येऊन पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आपा भाकर-बेसन घेऊन आल्या. आईने ताट बाजूला सारलं. आपांनी चष्मा वर सरकवला, पण आवाज शाळेतला नव्हता.

“कोणी म्हणते, न्याहारी अरबीतल्या नहारपासून आली, नहार म्हणजे दिवस. पण फारसीत नाहार म्हणजे सकाळपासून ज्याच्या पोटात काही नाही तो. मले हेच मूळ पटते, वैनी. या शब्दात पहिले उपाशी माणूस हाय. खाणं मंग आलं.”

“मले भूकच नाही लागत, आपा.”

“भुकेचं कोण विचारून राह्यलं? मी इथंच बसून हाय. एक घास घ्या.”

आईने एक घास घेतला. चावता चावता ती रडली, बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच. आपा उठल्या नाहीत.

मग रोज सकाळी त्या येऊन बसू लागल्या. पुढे रमजान लागला. रोजा असणाऱ्या बाईसमोर खायला आई तयार होईना. आपा म्हणाल्या, त्यांचा उपास त्यांनी स्वतः धरलेला आहे, आईचा तसा नाही. त्या ताटासमोर बसून राहिल्या आणि आई जेवली. महिना संपता संपता आई पुन्हा वावरात जाऊ लागली, डबा घेऊन.

नंतर मुलाने आपांना वणीला नेलं. तो तिथे कोळशाच्या खाणीत नोकरीला. यंदा हिवाळ्यात त्या तिथेच वारल्या. निरोप आला तशी मी आईला घेऊन निघालो.

आतल्या खोलीत बाया दुआ मागत होत्या. मी दारातून पाहिलं. आईला त्यातला एक शब्द येत नव्हता. डोक्यावर पदर घेऊन, दोन्ही तळवे उघडे धरून ती त्यांच्यात बसली होती, आणि शेजारची म्हातारी थांबली की तीही हळूच ‘आमीन’ म्हणत होती.