अक्कांचा कापूस

पिंजलेल्या कापसाचा वास आला, की मी गादीवाल्याच्या दुकानासमोरून खाली मान घालून जातो.

नव्वदच्या विधानसभेला आम्ही कॉलेजातली पोरं चाळीसगावजवळच्या माझ्या खेड्यात आमच्या उमेदवारासाठी धोतर पसरून वर्गणी म्हणून कापूस मागत होतो. रोकड कुणाकडेच नव्हती. शेजारच्या अक्कांनी लेकीच्या लग्नातल्या गादीसाठी राखलेला कापूस ओच्यातून धोतरावर ओतला. उन्हात ठेवलेला तो कापूस अजून कोमट होता.

“पोरनी गादी पुढला साल करसू,” त्या म्हणाल्या.

आमचा माणूस निवडून आला आणि ज्यांच्याविरुद्ध लढला, त्यांनाच जाऊन मिळाला. पुढे बाजारात अक्कांनी मला गाठलं.

“भाऊ, आपला माणूस बरा शे ना?”

“बरा शे,” मी म्हणालो. गादी झाली का, हे मात्र विचारवलं नाही.