गायकवाड साहेब आणि विमानाचे पार्ट

मानकोलीच्या आमच्या गोडाऊनमध्ये एखादा पार्ट यायला सहा महिने लागतात. किस्सा घडायला मात्र एक कटिंग चहा पुरतो! लढाऊ विमानांचे पार्ट दुरुस्त होऊन आमच्याकडे येतात, आम्ही तपासून पुढे पाठवतो. मी त्यांचे कागद बघते. तपासणीला गायकवाड साहेब. हवाई दलातून रिटायर झालेले, आणि जन्मजात संशयी.

माझ्या पहिल्याच दिवशी त्यांनी माझी फाईल उघडली.

"डिग्रीवर जाधव, आधारवर पगारे. भानगड काय आहे?"

"पार्ट तोच आहे साहेब, लग्नात लेबल बदललं!"

मला वाटलं, हसतील. साहेबांनी हात पुढे केला. "बदलल्याचा कागद?"

•

एकदा एक पंप आला. सोबत त्याचं हिस्टरी कार्ड, म्हणजे पंपाची जन्मकुंडलीच. बारा वर्षांच्या नोंदी, चार वेगवेगळे हवाई तळ, पण अक्षर एकच! तेलाचा एक डाग नाही. साहेबांनी कार्डाचा वास घेतला आणि पुरवठादाराला बोलावलं.

तो म्हणाला, "साब, हमारे यहाँ सफाई बहुत रहती है."

"दिसतेय ना," साहेब म्हणाले. "हाताचीच आहे!"

पंप त्याच टेम्पोतून परत गेला.

•

आमचे पॅकर दशरथदादा शेजारच्या कोन गावचे. रबरी रिंगांचं एक सीलबंद पाकीट कोपऱ्यात किंचित फाटलेलं निघालं.

"दशरथ, हे कुणी उघडलं?"

"आईशप्पत साहेब, मी हात न्हाय लावला! आतल्या बाराच्या बारा रिंगा जशाच्या तशा हायत!"

साहेब शांतपणे म्हणाले, "पाकिटावर आकडा छापलेला नाही, दशरथ."

•

स्टाफची पिकनिक अकलोलीला गेली. सगळे गरम पाण्याच्या कुंडात उतरले, साहेब काठावरच.

"पाण्याचं तापमान शेवटचं कधी तपासलं?" त्यांनी तिथल्या एका म्हाताऱ्या बाबांना विचारलं.

बाबांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "पाय घाला. भाजला तर गरम हाय!"

आयुष्यात पहिल्यांदा साहेबांनी कागदाशिवाय काहीतरी मान्य केलं!

•

आणि हा मागच्या महिन्यातला. इंधनाचा एक व्हॉल्व्ह आला. तिकडे त्याच्यावाचून विमान उभं होतं, त्यामुळे फोनवर फोन. "आज निघाला पाहिजे!" मी कार्ड बघितलं. कुठे बसवला, कधी काढला, सगळं जागच्या जागी. एका जुन्या नोंदीत लिहिलं होतं, "तपासला, ठीक." खाली सही. ती सही मी रोज बघते.

"साहेब, ही तर तुमची!"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"माझीच. हवाई दलात असतानाची."

"नक्की? दुसऱ्या कुणी मारलेली नाही ना?"

"नाही. खरी आहे."

मला हायसं वाटलं. "मग पासचा शिक्का मारते!"

साहेबांनी कार्ड स्वतःकडे ओढलं. फोन पुन्हा वाजला, त्यांनी उचलला नाही.

"थांबा, मॅडम," ते म्हणाले. "या माणसाला मी चांगला ओळखतो. रिजेक्ट करा!"