आतली लव

बायको गेली तेव्हा सुतार रडला नाही. भेटायला आलेल्यांनी जरा वाट पाहिली आणि मग आपापल्या घरी गेले. त्याचं त्यालाही नवल वाटलं असतं, पण नवल वाटायलाही अंगात काहीतरी शिल्लक लागतं. दात काढताना तोंड बधिर करतात तसं त्याचं झालं होतं. सगळं जागच्या जागी होतं, फक्त कळत काही नव्हतं.

मागे राहिला कुत्रा. तो बायकोचा. कुत्रा कसला, चालतीफिरती रजईच. हाक मारली की लगेच यायचा नाही, विचार करून यायचा, म्हणून तिने त्याचं नाव महाराज ठेवलं होतं. उन्हाळा तोंडावर आला आणि महाराज झडायला लागला. कपाटाखाली, चहाच्या कपात, रंध्याच्या खाचेत, जिकडेतिकडे केसांचे पुंजके. सुतार ते ओलांडून जायचा.

रविवारी मुलगी आली ती दारातच थांबली.

"बाबा, घराची काय दशा करून ठेवलीय. तुम्हाला स्वतःच्या जेवणाची शुद्ध नाही, याचं कोण बघणार? आमच्या ऑफिसातल्या एका बाईंकडे अंगण आहे, त्या घेतो म्हणाल्यात. पुढच्या रविवारी मी गाडी घेऊन येते."

"बरं," सुतार म्हणाला. हल्ली तो सगळ्यालाच बरं म्हणत असे.

ती गेली आणि महाराज रोजच्यासारखा दारापाशी जाऊन बसला, जणू मालकीण भाजी आणायला गेली आहे. सुतार बघत राहिला. हा गेला तर घरात तिची वाट बघणारं कुणी उरणार नव्हतं. सुताराच्याने तर तेवढंही होत नव्हतं. कुत्रा राहायला हवा, एवढं एकच त्याच्या डोक्यात शिरलं.

केस आवरायला काहीतरी हवं म्हणून तो दुकानात गेला, तर दुकानदाराने तीन वस्तू पुढ्यात मांडल्या. "हा तारांचा ब्रश, वरवर विंचरायला. हे छोटं दाताळं, आतली मऊ लव सुटते ती ओढून काढायला. आणि हे पातं, पण ते जरा जपून..."

पुढचं सुताराने ऐकलंच नाही. त्याचा अंगठा पात्याच्या धारेवरून फिरत होता. माशाच्या पोराला का कुणी पोहायला शिकवतं? त्याने पातं घेतलं.

आता सुताराचा हात म्हणजे रंध्याचा हात. फळी एकसारखी गुळगुळीत होईपर्यंत थांबायचं नाही, हे त्याच्या हाडात मुरलेलं. घरी येऊन त्याने महाराजाच्या पाठीवरून पातं ओढलं, पहिल्या फेरीला लवेचा ढीग पडला. त्याने पुन्हा ओढलं. पुन्हा ढीग. त्याच जागी, थोडा जोर लावून, पुन्हा. मऊ लव संपून लांब, राठ केस तुटून पडायला लागले, ते बोटांना जाणवायला हवं होतं. जाणवलं नाही. महाराज कळवळून पळाला तेव्हा त्याच्या पाठीवर तळहाताएवढी जागा उघडी आणि लाल झाली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी मलम लावलं. "वरचे राठ केस ही याची छत्री. ऊन, पाऊस तेच अडवतात. पात्याने तुम्ही छत्रीच फाडलीत."

"केस येतच होते," सुतार म्हणाला.

"येतच राहणार. येत असतानाच थांबायचं असतं. आधी कोण विंचरायचं याला?"

"बायको."

"मग तिचं काहीतरी असेल की घरात."

असणारच. पण कपाटातल्या तिच्या खणाला त्याने अजून हात लावला नव्हता. त्या दिवशी उघडला. आत जुनं दाताळं होतं, दात बोथट, गोलसर. मूठ लाकडाची. प्लॅस्टिकची मोडली तेव्हा त्यानेच करून दिलेली, आणि विसरून गेलेली.

रविवारी मुलीने ती लाल जागा पाहिली. "हे काय?"

"मी केलं. रंधा मारल्यासारखं."

ती कुत्र्याचा पट्टा आणि भांडं गोळा करायला लागली. सुताराने दाताळं हातात घेतलं, तसा महाराज टेबलाखाली घुसला. त्याच्या हाताला तो आता घाबरत होता. सुतार जमिनीवर बसला, दाताळं खाली ठेवलं आणि दोन्ही हात मांडीवर घेतले. बऱ्याच वेळाने महाराज बाहेर आला. त्याने ती मूठ हुंगली, पुन्हा हुंगली आणि कुशीवर आडवा झाला.

सुताराने डाव्या हाताने केस बाजूला करत, जखम टाळत, केसांच्या दिशेने हलकेच दाताळं ओढलं. लव येत होती. अजून येत होती, तेव्हाच तो थांबला. मग घराला लागूनच असलेल्या आपल्या कारखान्यात काम करताना भिंतीपलीकडून इतकी वर्षं कानावर पडलेले बायकोचे शब्द त्याच्या तोंडून निघाले.

"वळा आता, महाराज."

कुत्रा वळला नाही. ताडकन उठला. सुताराच्या खांद्यावरून त्याने आतल्या खोलीकडे पाहिलं, स्वयंपाकघरात जाऊन आला, मोरीत डोकावला, दाराशी गेला. कुठेच कुणी नव्हतं. मग सावकाश परत येऊन तो दुसऱ्या कुशीवर आडवा झाला.

सुताराचा हात उचलेना. बायको गेली, हे त्याला आता कळलं. तो कुत्र्याच्या मानेत तोंड खुपसून रडला, अगदी आवाज करून.

मुलगी भांडं घेऊन तशीच उभी होती. मग तिने ते नळाखाली भरलं आणि परत त्याच्या जागेवर ठेवलं.